संशोधनात एआय वापरताय? राणीच्या एका तारखेतून घ्या धडा

ग्वाल्हेर : झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरात नेमक्या कोणत्या दिवशी धारातीर्थी पडल्या? एआयला विचारलं की तारीख लगेच हातात येते. पण १७ जून १८५८ की १८ जून, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. टूलने एकच तारीख दिली आणि विद्यार्थ्याने ती तशीच प्रबंधात उतरवली, तर वाद होता हेच वाचकाला कळत नाही. खरी गोम इथेच आहे.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. अशी टूल्स शब्दांमागून शब्द जुळवून वाक्य तयार करतात. त्यामुळे कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि पान क्रमांकही ती बिनदिक्कत देतात. म्हणून एआयने दिलेला संदर्भ ग्रंथालयात किंवा शोधगंगावर स्वतः पाहिल्याशिवाय वापरू नये.

मूळ साधन वाचण्याला पर्याय नाही. १८५७ च्या धामधुमीत झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे मराठीतले मोलाचे साधन. पण ते लिहिले गेले घटनेनंतर अनेक वर्षांनी, आठवणीवरून. छापून आले १९०७ मध्ये. ही बाब सारांशात सुटू शकते, आणि संशोधनात नेमकी तीच महत्त्वाची असते.

नियम काय सांगतो?

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारित मजकूर द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यास वर्षभर बंदी, तर ६० च्या पुढे नोंदणी रद्द होते. हे नियम चॅटजीपीटीच्या आधीचे आहेत. एआयचा मजकूर नवा जुळवलेला असल्याने टक्केवारी कमी येऊ शकते. म्हणून ‘साम्य कमी आले, म्हणजे काम झाले’ असे समजू नये.

काय चालेल, काय नाही?

• विषयाची फोड करणे, प्रश्नावलीचा कच्चा आराखडा, व्याकरण तपासणे यासाठी मदत घेता येते. मात्र आधी गाईडला विचारावे.
• कोणते टूल, कशासाठी, कधी वापरले याची नोंद ठेवावी आणि प्रबंधात तसे नमूद करावे.
• आकडे, मुलाखती, अवतरणे एआयकडून ‘तयार’ करून घेऊ नयेत.
• मुलाखत देणाऱ्याचे नाव, फोन नंबर टूलमध्ये टाकू नयेत. कुणाच्या घरची जुनी कागदपत्रे मालकाला विचारल्याशिवाय अपलोड करू नयेत.
• मोडी कागदाचे एआयने केलेले वाचन मोडीच्या जाणकाराला दाखवूनच वापरावे. एक अक्षर चुकले तरी नाव किंवा रक्कम बदलते.

तोंडी परीक्षेत ‘हे कुठून घेतलं?’ असा प्रश्न येतोच. तेव्हा उत्तर टूलला नाही, विद्यार्थ्याला द्यावे लागते. प्रबंधावर नाव त्याचेच असते.