आदल्या रात्रीचा ग्लास: आतड्याच्या सीटी स्कॅनची गोष्ट

जेवता जेवता ऐकत असाल, तर आधी जेवण उरका आणि मग प्ले करा. आजचा विषयच तसा आहे.

२९ जून २००२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपले अधिकार सुमारे सव्वादोन तासांसाठी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्याकडे सोपवले. कारण काय, तर बुश यांची कोलोनोस्कोपी होती. कॅमेरा असलेली लवचिक नळी खालून आत घालून मोठं आतडं बघायचं. त्यासाठी गुंगीचं औषध देतात, आणि गुंगीतल्या माणसाकडे देश कसा ठेवणार? २००७ मध्ये पुन्हा तेच झालं. पण २८ फेब्रुवारी २०१० ला बराक ओबामांची तपासणी झाली, तेव्हा अधिकार कुणाकडेच गेले नाहीत. त्यांनी सीटी स्कॅनवाली 'व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी' केली होती. आतड्यात हवा भरायची, स्कॅन घ्यायचा, उठून कामाला लागायचं.

दोन्ही तपासण्या शोधतात एकच गोष्ट: पॉलिप. आतड्याच्या आतल्या भिंतीवर येणारी छोटी गाठ. त्यातल्या काहींचा पुढे अनेक वर्षांनी कर्करोग होतो. वेळेत सापडली आणि काढली, तर तो टळू शकतो. एवढं मोठं बक्षीस असूनही लोक टाळाटाळ करतात, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आदल्या दिवशीची पोटाची सफाई. आजची गोष्ट त्या सफाईची आहे.

सुरुवात एक्स-रेपासून. १८९५ मध्ये रॉन्टगेनने एक्स-रे शोधले. त्यात हाडं दिसली, पण आतडं नीट दिसेना. १९१० मध्ये जर्मनीत बॉनच्या डॉक्टरांनी बेरियम सल्फेट वापरायचं सुचवलं. ही पांढरी भुकटी एक्स-रे अडवते आणि अंगात शोषली जात नाही. १९२३ मध्ये फिशर या जर्मन डॉक्टरांनी बेरियमच्या पातळ थरासोबत आतड्यात हवा भरली. आता भिंतीवरचा बारीक उंचवटाही दिसू लागला. पण भिंतीला चिकटलेला मळाचा खडाही अगदी तसाच दिसायचा! म्हणजे फोटो जितका बारीक, तितकी सफाई कडक. त्या काळचं हत्यार होतं एरंडेल आणि वर एनिमा. हो, तेच एरंडेल, ज्याचं नाव काढलं की आपल्याकडची पोरं घर सोडून पळायची.

मग सोप्या उपायांचा शोध सुरू झाला. मॅनिटॉल नावाची गोडसर साखर निघाली. चव बरी आणि पोटही साफ. पण आतड्यातले जिवाणू ती खाऊन हायड्रोजनसारखे ज्वलनशील वायू सोडतात. फ्रान्समध्ये कोलोनोस्कोपीतून विजेच्या तारेने पॉलिप कापताना ठिणगीने स्फोट झाला आणि रुग्ण दगावला. १९७९ मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकेत जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण मांडलं. याचा रेणू इतका मोठा की आतडं तो शोषत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि सगळं वाहून नेतो. सोबतच्या क्षारांचं माप असं जुळवलेलं, की शरीरातलं पाणी-मीठ फारसं हलत नाही. सुरक्षित, पण चार लिटर, आणि तेही खारट. पिताना माणूस रडकुंडीला यायचा. म्हणून पुढे सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली लोकप्रिय झाली. घोट कमी, काम फत्ते. पण काहींच्या मूत्रपिंडांना त्यातून इजा झाली, आणि डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. शॉर्टकटचं बिल उशिरा आलं.

दरम्यान १९९४ मध्ये डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने सीटी स्कॅनच्या कापांमधून आतड्याचं त्रिमितीय चित्र उभं केलं आणि त्यातून उडत जाणारा व्हिडिओ दाखवला. गेमिंगवाल्यांना हे लगेच कळेल. आतडं म्हणजे बोगदा, आणि आपण त्यातून चाललोय.

पण इथे नवी अडचण आली. कोलोनोस्कोपीत उरलेलं पाणी नळीनेच ओढून घेता येतं. सीटीत ती सोय नाही. पाण्याखाली पॉलिप बुडाला की संपलं. म्हणून स्कॅन दोनदा घेतात, एकदा उताणं आणि एकदा पालथं झोपवून. पाणी सरकतं, सुटा मळही सरकतो, पॉलिप मात्र भिंतीला धरून राहतो.

दुसरी युक्ती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या आवडीची. जे उरणारच आहे, त्याला रंगवून टाका. जेवणाबरोबर थोडं बेरियम आणि आयोडीनयुक्त औषध द्यायचं. मळ आणि पाणी स्कॅनमध्ये पांढरंशुभ्र दिसतं, पॉलिप राखाडीच राहतो. मग सॉफ्टवेअर पांढरे ठोकळे पुसून टाकतं. ऐकायला सोपं, पण हवा असते काळी, रंगवलेलं पाणी पांढरं, आणि दोघांच्या सीमेवरच्या ठोकळ्याची सरासरी येते राखाडी! म्हणजे नसलेली भिंत दिसते. तेही हिशेबात धरावं लागतं.

याचा उपयोग झाला का? २००३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या तीन रुग्णालयांतल्या १,२३३ लोकांचा अभ्यास आला. त्यात सफाई आणि रंगवणं दोन्ही होतं. १० मिलिमीटर किंवा मोठे, कर्करोगाकडे झुकणारे पॉलिप असलेल्यांपैकी ९३.८ टक्के लोक सीटीने ओळखले. आता गंमत बघा: त्या अभ्यासातलं जुलाबाचं औषध होतं तेच सोडियम फॉस्फेट. २०१२ मध्ये तर जुलाबाचं औषध न देता, फक्त हलका आहार आणि रंगवणं यांवर ६०५ लोकांचा स्कॅन झाला. मोठे पॉलिप असलेले ९१ टक्के लोक सापडले, पण सहा मिलिमीटरपासूनचे सगळे धरले तर आकडा ५९ वर आला. म्हणजे सॉफ्टवेअर बराच कचरा उपसतं, सगळा नाही.

म्हणून आजही स्कॅनआधी आहाराचा कागद हातात येतो. तंतू आणि बिया पचत नाहीत, त्या भिंतीला चिकटतात. त्यामुळे आधीच्या दिवसांत भाकरी, पालेभाज्या, मोडाची कडधान्यं, पेरू, डाळिंब, तीळ बंद. मऊ भात चालू शकतो. आदल्या दिवशी बहुधा फक्त नितळ पेयं: गाळलेलं सूप, शहाळ्याचं पाणी, कोरा चहा. नेमकं काय आणि किती दिवस, हे तुमच्या सेंटरचा कागद सांगेल, तोच पाळा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, मधुमेह, आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. सफाईचं औषध त्यावरून ठरतं. आणि हेही लक्षात ठेवा, सीटी पॉलिप दाखवतो, काढत नाही. सापडला तर नळीवाली तपासणी करावीच लागते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: आत कचरा गेला, तर बाहेर कचराच येणार. शंभर वर्षांत बेरियम गेलं, सीटी आला, पण हा नियम काही सुटला नाही. तेव्हा घरात आई-बाबांना हा कागद मिळाला, तर 'एक पेरू खाल्ला तर काय होतंय' असं म्हणू नका. त्या पेरूची एक बी डॉक्टरांना पॉलिप वाटू शकते, आणि खरा पॉलिप तिच्या मागे लपू शकतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!