भट्टीचें अस्तर आणि कर्बाची वीट

(१) जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांकरितां महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यांतच भोकरदन वसलेलें आहे. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येणारें भोगवर्धन तें हेंच. येथें १९७३ सालीं उत्खनन होऊन सातवाहनकालीन वसतीचे अवशेष उजेडांत आले. अशा स्थळीं सांपडणारीं नाणीं, मणी व हस्तिदंती पुतळी यांचा सांभाळ होतो. परंतु भाजून काचेसारखा झालेला मातीचा ढेकूळ किंवा मुशीचा काळा तुकडा निरुपयोगी समजून टाकून दिला जातो. धातूविषयींचा पुष्कळसा पुरावा या टाकाऊ तुकड्यांतच असतो. उच्च उष्णतेच्या भट्टीस कर्बयुक्त अस्तर केव्हां निवडावें व केव्हां वर्ज्य करावें याचे नियम सांगून, तेच नियम जुने अवशेष ओळखण्यास कसे उपयोगी पडतात हें दाखविणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) कर्ब, ज्यास कारखान्यांत कार्बन म्हणतात, नेहमींच्या हवेच्या दाबाखालीं वितळत नाहीं. सुमारें ३६०० अंश सेंटिग्रेडच्या वर त्याची एकदम वाफ होते. वितळलेलें लोहकिट्ट त्यास सहसा चिकटत नाहीं, आणि फायर क्लेच्या विटेपेक्षां कर्बाची वीट उष्णता कितीतरी पट त्वरेनें वाहून नेते. इतके गुण असतां ही वीट सर्वच भट्ट्यांस कां लावीत नाहींत, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. त्याचें उत्तर तिच्या तीन शत्रूंत आहे. पहिला शत्रु हवा होय. सुमारें ५०० अंशांपासून मोकळ्या हवेंत ही वीट झिजूं लागते, व अधिक तापल्यावर पाण्याची वाफहि तिला खाते. दुसरा शत्रु म्हणजे ज्यांत कर्ब कमी आहे असें वितळलेलें लोखंड. तें आपली भूक विटेंतील कर्बावर भागवितें. तिसरा शत्रु पोटॅशादि क्षारांच्या व जस्ताच्या वाफा. त्या छिद्रांत शिरून वीट फोडतात.

(३) यावरून निवडीची मुख्य कसोटी निघते, ती अशी कीं, नुसती उष्णता पाहून वीट निवडूं नये. तिच्याशीं कोणता धातु व कोणती हवा भिडणार तें आधीं पाहावें. खनिजापासून बीड काढणाऱ्या उंच झोतभट्टीच्या तळाशीं जो रस सांचतो त्यांत शेंकडा चारांहून अधिक कर्ब असून तो जवळजवळ तृप्त असतो. तेथें हवेचा मोकळा प्रवेश नाहीं, आणि बाहेरचें कवच पाण्यानें थंड ठेवलेलें असतें. विटेनें उष्णता झपाट्यानें बाहेर नेल्यामुळें आंतील बाजूस धातूचा व किट्टाचा पातळ थर गोठतो, आणि तोच विटेचें रक्षण करतो. म्हणून अशा तळास कर्बाची वीट योग्य. तींतहि बारीक छिद्रांची, कमी राखेची व उष्णतेची चांगली वाहक अशी वीट श्रेष्ठ. कारण रुंद छिद्रांतून रस व क्षार दोन्हीहि आंत शिरतात.

जालन्याची गोष्ट निराळी आहे. तेथील इंडक्शन भट्ट्यांत भंगार व स्पंज आयर्न वितळवून सळयांचें पोलाद करतात. या पोलादांत कर्ब फार थोडा, म्हणजे शेंकडा पाव भागाच्या आसपास, असतो. असा रस कर्बाच्या अस्तरांतून कर्ब ओढून घेईल, आणि अस्तर व माल दोन्हीहि बिघडतील. शिवाय या भट्टीस भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून विजेनें उष्णता मिळते. कर्ब विजेचा वाहक असल्यामुळें विजेचा कांहीं भाग धातूंत न जातां अस्तरांतच खर्च होईल. म्हणून तेथें गारेची भुकटी, जिला रॅमिंग मास म्हणतात, ती ठोकून अस्तर करण्याची वहिवाट आहे. तें झिजलें कीं काढून नवें करावें लागतें. तथापि या कामास तेंच योग्य.

(४) आतां जुन्या पुराव्याकडे वळूं. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या रसरत्नसमुच्चयांत मुशीच्या मातीचा स्वतंत्र विचार आहे. जळका तूस, ताग, कोळसा व घोड्याची लीद मातींत मिसळून तें मिश्रण लोखंडी दांड्यानें कुटावें, असा त्याचा आशय. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० सालीं छापला. त्यास केवळ वैद्यांचें पुस्तक समजून संशोधकांनीं बाजूस ठेवूं नये. निजामाच्या राज्यांतील कोनसमुद्रम् (हल्लीं तेलंगणांतील निजामाबाद जिल्हा) येथील पोलादाच्या मुशींचें वर्णन डॉ. व्हॉयसे यांनीं लिहून ठेवलें होतें, तें १८३२ सालीं प्रसिद्ध झालें. जालनाहि १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होता. दक्षिणेंतील अशा मुशींच्या तुकड्यांची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रीय तपासणी झाली, तींत जळक्या भाताच्या तुसानें भरलेली काळी माती आढळली.

या काळेपणाचा अर्थ नीट समजला पाहिजे. मातींत लोहाचा अंश असल्यास तो उष्णतेंत मातीस लवकर वितळवितो. परंतु कोळसा त्यांतील प्राणवायु काढून घेतो, तेव्हां लोहाचे बारीक कण सुटे पडतात, आणि माती अधिक ताप सोसते. तुसाच्या राखेंतील गार मातीस सांगाडा पुरविते. बाहेरून राखेमुळें काचेचा लेप बसतो, आणि तो आंतील कोळशास हवा लागूं देत नाहीं. मूस झाकणानें बंद केलेली, आणि आंतील पोलादांत शेंकडा दीड भागाच्या आसपास कर्ब. म्हणजे कर्बाच्या पहिल्या दोन शत्रूंचा जोर येथें पुष्कळ मोडला होता. कारागिरांनीं हे नियम अनुभवानें जाणले होते, असेंच म्हणावें लागतें.

याउलट नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें, १९७८ ते १९८० च्या उत्खननांत, इसवी सनापूर्वी सुमारें सातव्या शतकांतील लोखंड गाळण्याची जी भट्टी मिळाली, ती मातीच्या वक्र विटांची व लहान आकाराची आहे. अशा भट्टींत लोखंड वितळत नाहीं. किट्ट वाहून जातें व लोखंडाचा गोळा मागें राहतो. त्यास सुमारें १२०० अंशांचा ताप पुरतो, म्हणून साधी माती चालते. यास्तव प्रत्येक जळक्या विटेवरून पोलादाचें अनुमान करूं नये.

(५) जालना जिल्ह्याची जमीन मुख्यत्वें काळ्या कातळाची आहे, आणि हा कातळ ११०० ते १२०० अंशांच्या सुमारास स्वतःच वितळूं लागतो. त्यापासून झालेल्या मातीची मूस पोलादास टिकणें कठीण. तेव्हां तुसाच्या ठशांची, आंत काळी व बाहेर काचेचा लेप असलेली मूस येथें मिळाली, तर ती किंवा तिची माती बाहेरून आली असावी, असें मानण्यास जागा आहे. तीवरून व्यापाराचा एखादा मार्गच उघड होईल. मात्र हल्लींच्या कारखान्यांतील टाकाऊ अस्तराशीं तिची गल्लत होतां कामा नये. तें गारेचें, पांढुरकें व दाणेदार असतें. एका अंगास काचेसारखें कठीण, दुसऱ्या अंगास ठिसूळ. तुसाचे ठसे त्यांत नसतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, असा तुकडा घासूं नये, आम्लानें धुऊं नये; आंतबाहेरचा रंग पाहून स्थळ, खोली व शेजारच्या वस्तूंसह त्याची नोंद करावी. जुन्या वैद्यांच्या, लोहारांच्या व कासारांच्या घरांतील पोथ्यांत मुशीच्या मातीचीं प्रमाणें असलेलें एखादें सुटें पान दिसल्यास त्याची नक्कल अवश्य करावी. तलवार कोणाची हें बखरींतून कळेल. तिचें पोलाद कशांत वितळलें, हें मात्र हा तुकडाच सांगेल.