मजबूत : लोह्याच्या बोलीतल्या एका विशेषणाची कुळकथा

माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा आधी दात बघतो, खांद्यावर तळहात दाबतो, चार पावलं चालवून खूर न्याहाळतो आणि मग सोबतच्याला हळूच म्हणतो, "मजबूत हाय." खंडोबाची ही यात्रा लोहा तालुक्यातली आणि लाल कंधारी बैलही याच टापूतला. त्या तांबड्या, काटक जनावराला शोभणारा हा शब्द अस्सल गावरान वाटतो. त्याचं कूळ मात्र अरबी.

अरबीत 'ज़ब्त' म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. जे नीट आवरून धरलं ते 'मज़बूत'. 'जप्ती' याच धातूतून आली. शेतकऱ्याच्या काळजात धस्स करणारी जप्ती आणि त्याच्या बैलाची मजबुती या सख्ख्या बहिणी आहेत! फारसी दफ्तरांच्या वाटेनं हे घराणं दख्खनेत आलं. मराठवाड्यात निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होती, कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे इथं ते घरचंच झालं.

अरब देशांत हा शब्द आजही मोजूनमापून वागतो. तिथं त्याचा अर्थ अचूक, बरोबर. कैरोत 'मज़बूत' कॉफी मागितली तर बेताची साखर घातलेली मिळते. तुर्कीत 'मज़बूत' माणूस म्हणजे शिस्तीचा, नेटका. 'बळकट' हा अर्थ त्याला फारसीत आणि आपल्याकडे चिकटला.

आपल्या बोलीनं मजबूतला आणखी मोकळं सोडलं. मजबूत पाऊस पडला, लग्नात मजबूत जेवलो, पोराच्या शिक्षणाला मजबूत पैसा लागला. इथं बळ मागं पडून रेलचेल पुढं आली. आवर घालणाऱ्या शब्दाला काही आवरच उरला नाही. मूळ अर्थही गेलेला नाही. "दावं मजबूत बांध रं" म्हणणारा गडी नकळत थेट अरबी धातूपर्यंत पोचतो, कारण जनावर आवरून धरणं हेच त्याला सांगायचं असतं.

शाळेत 'वाक्यात उपयोग करा' म्हटलं की 'पूल मजबूत आहे' एवढंच वहीत येतं. गुरुजी, एखाद्या पोरानं 'काल मजबूत पाऊस झाला' असं लिहिलं, तर त्यावर लाल रेघ ओढू नका. ते वाक्य बरोबर आहे.