सेफ्टी ऑफिसरची खुर्ची कोणी मांडली?



आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या पालकांनी विचारलं, "मुलगा सेफ्टीचा कोर्स करू म्हणतो. त्यात करिअर आहे का हो?" पगाराचे आकडे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मी आज या नोकरीचा इतिहास सांगणार आहे. ही खुर्ची कुठून आली हे कळलं की त्यावर बसून काय करायचं, हेही कळतं.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालावं, एवढाच त्याचा जीव. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादाच नव्हती.

मग उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या आयोगापुढे ठेवलं. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते. ती १८९० मध्ये मिळाली. पण त्याच निवेदनातली दुसरी मागणी फारशी कुणी सांगत नाही. कामावर जबर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. ही मागणी १८८४ची आणि नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. मधली एकोणचाळीस वर्षं ज्यांची बोटं, हात, पाय गेले, त्यांच्यामागे कायदा नव्हता.

आता मुंबई बंदरात येऊ. १४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टायकीन' नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या हजारो गासड्या. एकाच कप्प्यात खाली कापूस आणि वर स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. मधल्या दोन तासांत काय चाललं होतं? दारूगोळ्याची जाण असलेला लष्करी अधिकारी म्हणत होता, जहाज बुडवा. दुसरे म्हणत होते, आग विझेल. इंजिनाचं काम काढलेलं, त्यामुळे जहाज स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हतं. अधिकारी पुष्कळ जमले होते, पण शेवटचा शब्द कोणाचा, हेच ठरेना. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले साठाहून जास्त अग्निशमन जवान त्यात होते. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो.

माझी बरीच नोकरी दारूगोळ्याच्या डेपोंत गेली, म्हणून ही घटना मला जवळची वाटते. डेपोत काडेपेटी गेटवरच काढून घेतात. प्रत्येक शेडच्या दारावर पाटी असते: आत जास्तीत जास्त माणसं किती आणि माल किती वजनाचा. त्या पाटीपुढे कर्नललाही थांबावं लागतं. तिथला साधा हवालदार मला "साब, अंदर गिनती पूरी है" म्हणून बाहेर उभं करू शकत होता आणि करायचाही.

कारखान्यांत असा माणूस यायला फार वेळ लागला. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं नियम भक्कम केले, पण ते तपासणारा इन्स्पेक्टर बाहेरून, कधीतरी यायचा. आत, रोज, पगारावर असलेला सेफ्टी ऑफिसर आला तो १९७६च्या दुरुस्तीनं, कलम ४०-ब मधून. हजार किंवा जास्त कामगार असतील किंवा सरकारच्या मते काम धोक्याचं असेल, तर तो नेमणं सक्तीचं झालं.

तरीही १९८४च्या २ डिसेंबरची रात्र आलीच. भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू शहरभर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. गळालेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. १९८२च्या तपासणीत कारखान्यातले दोष कागदावर आले होते. म्हणजे माहिती होती, पण कारखाना थांबवणारं कोणी नव्हतं. त्यानंतर १९८७च्या दुरुस्तीनं धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण आलं. कामगारांना बरोबरीचं स्थान देणाऱ्या सुरक्षा समित्या आल्या आणि धोका समोर दिसत असेल तर तो मालकापुढे मांडण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता आपल्या मुलांकडे वळतो. २०२०ची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात सेफ्टी ऑफिसरची अट पाचशे कामगारांवर आली आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत अडीचशेवर. जागा वाढणार, हे उघड आहे. इंजिनिअरिंगची किंवा विज्ञानाची पदवी, कारखान्यातला काही वर्षांचा अनुभव आणि मान्यताप्राप्त सेफ्टी डिप्लोमा हा सरळ रस्ता. मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. कोलकाता, चेन्नई, कानपूर, फरिदाबादला प्रादेशिक संस्था आहेत. फी भरण्याआधी एवढं करा: तो डिप्लोमा तुमच्या राज्याच्या नियमांत मान्य आहे का, हे लेखी विचारा.

नियमांत आणखी एक अट पूर्वीपासून असते: तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. निवृत्तीनंतर मी गुजरातेत एका रसायन कारखान्यात हे काम केलं. टाकीत उतरणारी माणसं बहुतेक ओडिशाची. पन्नाशी उलटल्यावर मी कामापुरती ओडिया शिकलो, कारण "आत वास येतोय" हे माणूस आधी स्वतःच्या भाषेत म्हणतो.

याच नियमांत अनेक राज्यांनी लिहिलंय की सेफ्टी ऑफिसरनं थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं आणि त्याला दुसरी कामं देऊ नयेत. प्रत्यक्षात? मी आधी जिथे होतो, त्या कंपनीचं नाव घेत नाही, तिथे माझ्याकडे कँटीन आणि बसगाड्याही होत्या. वेल्डिंगच्या परवान्यावर सही मात्र प्रॉडक्शनवाले आधी करून ठेवत, माझी नंतर घेत. मी बिनतपासणीची सही नाकारली. तीन महिन्यांत मला "तुमची आता गरज नाही" असं सांगण्यात आलं.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा: मी कोणाला रिपोर्ट करणार? आणि मी काम थांबवलं, तर ते पुन्हा सुरू करायचा हुकूम कोण देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी नोकरी बघा. ठाम आलं तर जरूर रुजू व्हा. या कामाला चांगली माणसं फार हवी आहेत.

जय हिंद.