मुळांच्या वासाचा वारसा

नोएडात आज आयरिसचे परफ्यूम लावणाऱ्याला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकते ती एकच गोष्ट: त्यात फूल सापडत नाही. येतो तो थंड, कोरडा, पावडरीचा वास, त्याखाली नुकत्याच उपटलेल्या गाजराची ओल. कारण हा सुगंध पाकळ्यांचा नाही, कंदाचा आहे. दोन-तीन वर्षे वाढलेले कंद खणून, सोलून, वाळवून पुन्हा काही वर्षे साठवतात. ताज्या कंदाला वास जवळजवळ नसतोच, तो देणारी आयरोन ही द्रव्ये साठवणीतच तयार होतात. टीमान आणि क्रुगर या जर्मन रसायनज्ञांनी १८९३ साली त्यांचा छडा लावला. मोगऱ्या-गुलाबात वाढलेल्या भारतीय नाकाला हा वास परका, असे अनेकदा म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला सहाव्या शतकातला गंधयुक्तीचा अध्याय सोळा द्रव्यांपासून १,७४,७२० सुगंध होतात असे गणित मांडतो, आणि त्या सोळांत नागरमोथा, वाळा, तगर अशी मुळे ठळकपणे आहेत. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा आणि कचोरा आजही असतात. शिवाय पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी गंगाधराच्या ‘गंधसारा’बरोबर उजेडात आणलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे. सुगंध घडवण्याची विद्या मराठीतून समजून घेणारे लोक होते, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आयरिस त्या सोळांत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. परफ्यूमचा आयरिस टस्कनी आणि मोरोक्कोतून आला. पण ही वनस्पती आपल्याला अनोळखी नव्हती: काश्मिरात ती कबरींवर लावतात, आणि युनानी वैद्यकात तिचे मूळ ‘इरसा’ म्हणून औषधात आहे. प्रश्न झाडाच्या जन्मगावाचा नसून नाकाच्या सवयीचा आहे, आणि ती सवय आपली आहे. दुसरा आक्षेप असा की, १९७६ साली कागदावर जन्मलेल्या नोएडाला सुगंधाचा कसला इतिहास? शहर नवे असले तरी त्यात येणारे धंदे जुने असतात. ज्या धर्मपाल सत्यपाल समूहाचे मुख्यालय नोएडात आहे, त्याची सुरुवात १९२९ साली दिल्लीच्या चांदणी चौकातल्या अत्तराच्या दुकानाने झाली. पुढे तो जर्दा आणि पानमसाल्याकडे वळला. कनौजच्या अत्तरालाही तंबाखूवाल्यांनीच मोठे गिऱ्हाईक दिले. उत्तर भारतात अत्तर अंगावरून तोंडात गेले, ही मला या धंद्याच्या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. म्हणून तरुण माणूस आज पुन्हा मुळाचा वास मनगटावर लावतो, तेव्हा त्याला परदेशी नखरा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह ‘गंधवाद’ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले आहेत. परफ्यूमवर हौसेने बोलणाऱ्या मराठी वाचकांनी ते मिळवून वाचावेत.