गाण्याच्या शेवटी १२८ बाइट

१/ १९०२ साली फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. अनेक मुद्रणांच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारताना ऐकू येतात. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. लेबल लावणाऱ्यांना गायिकेची ओळख त्या उच्चारातून पटे.

२/ एमपी३ फाइलही आरंभी अशीच निनावी होती. आत ध्वनी होता, पण गायकाच्या नावाला ठरावीक जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची माहितीपट्टी जोडली. तिचे नाव आयडी३.

३/ तिच्यात शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट मिळाले. गीतकार आणि संगीतकार यांना मात्र रकानाच नव्हता. देवनागरीचीही सोय नव्हती.

४/ १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही माहिती फाइलच्या आरंभी आणली, गीतकार-संगीतकारांना स्वतंत्र रकाने दिले आणि युनिकोड स्वीकारले.

५/ ध्वनीला धक्का न लावता हे रकाने दुरुस्त करता येतात. तितक्याच सहजतेने ते पुसलेही जातात. मग गाणे उरते, कर्ता हरवतो. गौहर जान यांचे नाव टिकले, कारण ते ध्वनीतच कोरलेले होते.