ध्वनिसाम्याची गणना : अनुक्रमणिकेपासून पाठतुलनेपर्यंत

दोन शब्द सारखे आहेत असे तौलनिक अभ्यासक म्हणतो, तेव्हा साम्याचा निकष त्याच्या भाषाज्ञानात गृहीत असतो. संगणकाला मात्र तो आधी सांगावा लागतो. हा निकष कोणत्या भाषेसाठी आणि कोणत्या गरजेपोटी घडला, याचा इतिहास म्हणूनच आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येतो.

त्याचा आरंभ संगणकापूर्वीचा आहे. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना आडनावांची उच्चारानुसारी अनुक्रमणिका लावण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१८ मध्ये मिळाले. तिच्यातून 'साउंडेक्स' घडली : आद्याक्षर तसेच ठेवावे, स्वर गाळावेत, उरलेल्या व्यंजनांना सहा गटांचे अंक द्यावेत आणि तीन अंकांवर थांबावे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर अमेरिकेत वयाचा पुरावा आवश्यक झाला, आणि अनेकांजवळ जन्माचा दाखला नव्हता. त्यामुळे १८८० च्या जनगणनेतील, दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या कुटुंबांचीच कार्डे या पद्धतीने लावण्यात आली. निवृत्तीच्या वयाला पोचू लागलेली पिढी तीच होती. कारकुनी गरजेने घडलेल्या या साधनाचे कान इंग्रजी होते. 'मॉस्कोविट्झ' हे नाव 'डब्ल्यू'ने लिहिले तर 'एम २३२' आणि 'व्ही'ने लिहिले तर 'एम २१३' ठरते. पूर्व युरोपीय ज्यू नावांसाठी १९८५ मध्ये डेच-मोकोटॉफ पद्धती निघाली, ती यामुळेच. आपले उदाहरण अधिक बोलके आहे. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत 'जे-एन', 'डी-एन-वाय' वा 'जी-वाय' यांनी आरंभून लिहिले जाते. साउंडेक्सच्या लेखी या तीन निरनिराळ्या व्यक्ती होत.

सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेले 'अंतर' ध्वनीकडे पाहतच नाही. एका चिन्हमालेची दुसरी करण्यासाठी किती चिन्हे बदलावी, गाळावी वा घालावी लागतात, एवढेच ते मोजते. प्रश्न सांकेतिक संदेशांतील चुकांचा होता, भाषेचा नव्हे.

भारतीय परंपरेत ध्वनींच्या नात्याचा विचार लिपीच्या मांडणीतच आहे. स्थान आणि प्रयत्न यांवरून पाणिनीने ठरविलेली सवर्णसंज्ञा इ-ई यांना एका कुळात बसवते. १९८८ च्या 'इस्की' संकेतनाने ब्राह्मीोद्भव लिप्यांना समान मांडणी दिली व युनिकोडने ती स्वीकारली. त्यामुळे देवनागरी 'क' आणि बंगाली 'क' यांत नेमके १२८ स्थानांचे अंतर आहे. लिप्यंतर त्यामुळे सोपे झाले. उच्चाराचे मात्र तसे नाही : तमिळचा एकच वर्ण क आणि ग या दोहोंचे काम करतो.

पाठतुलनेत काय घडते ते नामदेवांच्या पदांवरून पाहू. मराठी गाथेतील 'विठ्ठल' गुरु ग्रंथ साहिबात 'बीठलु' असा येतो. युनिकोडची चिन्हे मोजली तर दोहोंतील अंतर पाच आहे. 'विठ्ठल' आणि 'विमल' यांतील मात्र तीनच! म्हणजे यंत्राच्या मते पंढरीच्या दैवताला 'विमल' हा शब्द अधिक जवळचा. अशा यादीवर विसंबून मराठी आणि पंजाबी परंपरांत संबंध क्षीण आहे असा निष्कर्ष कोणी काढला, तर दोष गणिताचा नाही.

आता सवर्णविचार वापरून इ-ई एक मानू, व-ब यांचा भेद सोडू, द्वित्त एकेरी करू. 'विठ्ठल-बीठलु' अंतर एकावर येते. पण त्याच नियमांनी 'विमल'चेही एकावरच येते! उरलेला पेच ध्वनिशास्त्राने सुटत नाही. 'बीठलु'मधील उकार हा प्रत्यय आहे. 'गणेशु' या जुन्या मराठी रूपातही तो दिसतो. एवढे व्याकरण सांगितले की अंतर शून्य होते.

ही सूट सरसकट मात्र देता येत नाही. व-ब अभेद या दोन पाठांच्या दरम्यान चालतो. मराठीच्या अंतर्गत तो लावला तर 'वळ' आणि 'बळ' एक होतील. 'वस्तु'सारख्या मुळातच उकारान्त शब्दांचा उकारही गाळून चालणार नाही. असे अपवाद दोन्ही पाठ वाचू शकणाऱ्या अभ्यासकालाच हाताने नोंदवावे लागतात, आणि ती नोंद तुलनेच्या निष्कर्षासोबत प्रसिद्ध झाली पाहिजे.